पार्ट बदलल्यावर टचपॅड बंद पडला? या क्रमाने तपासा

लॅपटॉपची बॅटरी बदलली, नाहीतर कीबोर्ड किंवा स्क्रीन. लॅपटॉप सुरू झाला, सगळं ठीक दिसतंय, आणि टचपॅडवर बोट फिरवलं तर कर्सर जागचा हलत नाही. असे लॅपटॉप माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांनी एकच वाट तुडवलेली असते. आधी ड्रायव्हर (विंडोजला टचपॅड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, मग विंडोज अपडेट केलं, शेवटी विंडोजच नव्याने टाकलं. एवढा खटाटोप झाल्यावर मागचं झाकण उघडावं, तर आत टचपॅडची केबल कनेक्टरमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर तिरकी बसलेली.

स्क्रू काढल्याने ड्रायव्हर बिघडत नाही. टचपॅड काल चालत होता आणि लॅपटॉप उघडून बंद केल्यावर चालेनासा झाला, तर दोष आधी शोधायचा तो हात लागला तिथे. म्हणून खालचा क्रम मुद्दाम तसा लावलाय: आधी न उघडता होणारी तपासणी, मग आतल्या जोडण्या, मग दाब आणि सेन्सर, आणि ड्रायव्हर अगदी शेवटी.

## सुरुवातीला दोन गोष्टी लिहून काढा

पहिली, कोणता पार्ट बदलला. त्यावरून संशय कुठे घ्यायचा ते ठरतं.

बॅटरी बदलली असेल तर केबल आणि दाब हे दोन संशयित. बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅड बॅटरीच्या अगदी शेजारी किंवा तिच्या वर असतो आणि त्याची केबल बॅटरीवरून जाते. कीबोर्ड किंवा अख्खं पामरेस्ट (कीबोर्डखालचा, तळहात टेकायचा भाग) बदललं असेल तर केबल, कनेक्टर आणि पार्टचा नंबर बघायचा. स्क्रीन किंवा बिजागरी बदलली असेल तर झाकण बंद-उघड ओळखणारा सेन्सर. मदरबोर्ड बदलला असेल तर कनेक्टर आणि बायोसची (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) सेटिंग. रॅम, पंखा किंवा वाय-फाय कार्ड यांचा टचपॅडशी काही संबंध नसतो. तिथे केबलला धक्का लागलेला असतो किंवा स्क्रूंची अदलाबदल झालेली असते.

अपवाद एसएसडीचा. नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज नव्याने टाकलं असेल, तर ड्रायव्हरवरचा संशय रास्त आहे. अशांनी टप्पा १ आणि २ करून थेट टप्पा ८ वर जावं.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमकं लक्षण. 'टचपॅड चालत नाही' एवढ्याने भागत नाही. कर्सर अजिबात हलत नाही, की हलतो पण क्लिक होत नाही? कर्सर आपोआप उड्या मारतो? फक्त चार्जर लावल्यावर मारतो? पाच मिनिटं चालून बंद पडतो? कीबोर्डही मेलाय का? पूर्ण मेलेला टचपॅड म्हणजे बहुधा जोडणी. हलणारा पण क्लिक न होणारा म्हणजे बहुधा दाब. चार्जरवर उड्या मारणारा म्हणजे बहुधा अर्थिंग. टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही एकदम गेले तर दोघांची सामाईक केबल किंवा झाकणाचा सेन्सर.

## टप्पा १: न उघडता होणारी तपासणी

यूएसबी माउस जोडा आणि हे क्रमाने करा.

१. टचपॅड चालू-बंद करणारं बटण बघा. वरच्या एफ-बटणांच्या रांगेत टचपॅडचं छोटं चित्र असतं; ते नुसतं दाबून किंवा एफएन धरून दाबून बघा. नवा कीबोर्ड बसवल्यावर आपण एकेक बटण दाबून तपासतो, त्या ओघात हेही दाबलं जातं आणि टचपॅड गुपचूप बंद होतो. एचपीच्या काही जुन्या मॉडेलमध्ये टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की तो बंद होतो आणि तिथला बारीक दिवा लागतो.

२. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'टचपॅड' उघडा. टचपॅड चालू आहे ना ते बघा. त्याखाली माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण हवी. नाहीतर तपासणीसाठी लावलेला माउसच टचपॅड बंद ठेवतो आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. वायरलेस माउसचा विसरलेला रिसीव्हरही हाच गोंधळ करतो. मॅकबुकवर असाच पर्याय ॲक्सेसिबिलिटीतल्या 'पॉइंटर कंट्रोल'मध्ये आहे.

३. लॅपटॉप खऱ्या अर्थाने बंद करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही सिस्टिमचा काही भाग जुन्या अवस्थेत जपून ठेवला जातो. शिफ्ट दाबून धरा, मग 'शट डाउन'वर क्लिक करा.

४. बायोसमध्ये जा. बॅटरी बदलताना काही लॅपटॉपमध्ये बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला जातात. 'इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस' किंवा 'टचपॅड' असं काही दिसलं तर ते चालू करा. एसरच्या अनेक मॉडेलमध्ये तिथे 'बेसिक' आणि 'ॲडव्हान्स्ड' असे दोन पर्याय असतात. हे फक्त चालू-बंद नाही. टचपॅड मदरबोर्डशी कोणत्या पद्धतीने बोलणार ते यातून ठरतं. आहे तो बदलून एकदा सुरू करून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा होता तोच ठेवा.

तपासणी: बायोसच्या पडद्यावर माउसचा बाण दिसत असेल तर तिथेच टचपॅडवर बोट फिरवा. बाण हलला तर केबल, कनेक्टर आणि टचपॅड तिन्ही ठीक आहेत. लॅपटॉप उघडू नका, टप्पा ८ गाठा. बाण हलला नाही तर त्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण अनेक बायोस टचपॅड ओळखतच नाहीत. अशा वेळी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे विंडोजला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर, लॅपटॉप सुरू करून बघता येतो. तिथे टचपॅड चालला तर दोष विंडोजमध्ये आहे, हे पक्कं.

## टप्पा २: डिव्हाइस मॅनेजर फक्त वाचा

डिव्हाइस मॅनेजर म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी. इथे काहीही काढायचं किंवा टाकायचं नाही, वाचायचंय. 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस' आणि 'ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस' हे दोन्ही गट उघडा. जुने टचपॅड पहिल्या गटात पीएस/२ माउस म्हणून दिसतात. नव्यांपैकी बहुतेक दुसऱ्या गटात 'आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस' या नावाने असतात. पीएस/२ आणि आय-टू-सी या टचपॅडच्या मदरबोर्डशी बोलण्याच्या दोन पद्धती.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. आय-टू-सी पद्धतीचा टचपॅड विंडोज स्वतः शोधून काढत नाही. 'या ठिकाणी टचपॅड आहे' हे त्याला बायोस सांगतो. त्यामुळे बऱ्याच लॅपटॉपमध्ये केबल निघालेली असली तरी यादीत नाव दिसतं. विंडोज त्या पत्त्यावर हाक मारतो, पलीकडून ओ येत नाही, आणि नावावर पिवळा त्रिकोण येतो. उघडून बघितलं तर 'कोड १०'. हा त्रिकोण पाहून लोक ड्रायव्हरमागे धावतात. पार्ट बदलल्यानंतर आलेला कोड १० मी आधी सुटलेली केबल समजतो आणि तसाच तपासतो.

नावच दिसत नसेल आणि सेटिंग्जमधलं टचपॅडचं पानही रिकामं किंवा गायब असेल, तरीही केबलवरच संशय. नाव आहे, त्रिकोण नाही, तरी कर्सर हलत नाही, तर पुन्हा टप्पा १ मधलं बटण आणि नंतर टप्पा ६ मधला सेन्सर बघा.

## टप्पा ३: उघडण्याची तयारी

तुमच्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल मिळाली तर तिच्यातली टचपॅड आणि बॅटरीची पानं आधी वाचून काढा. हत्यारं थोडीच लागतात: फिलिप्स पीएच ० आणि पीएच ००, मॉडेल मागत असेल तर टॉर्क्स टी ५, प्लास्टिकची चपटी पट्टी, टोकाला बोथट चिमटा, ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा, आणि जमल्यास मल्टिमीटर. केबलजवळ धातूची टोकदार वस्तू नको.

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरू द्या, लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. झाकणाचे स्क्रू काढताना ज्या जागी निघाले त्याच मांडणीत कागदावर ठेवा. एकाच लॅपटॉपमध्ये दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात आणि त्यांची अदलाबदल हे टचपॅड बंद पडण्याचं एक खरंखुरं कारण आहे. झाकण सैल झालं की झटक्याने उचलू नका. काही मॉडेल कीबोर्डच्या बाजूने उघडतात आणि तिथे केबल अजून खाली जोडलेल्या असतात.

आत पोहोचल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मग पॉवरचं बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याचा पर्याय असतो. तो असेल तर उघडण्याआधी जरूर वापरा.

सावधान: बॅटरी जोडलेली असताना टचपॅडची केबल काढू किंवा लावू नका. तिरकी सरकणारी केबल क्षणभर जरी चुकीच्या पिनांना टेकली, तरी शॉर्ट होऊन मदरबोर्डवरचा फ्यूज किंवा त्यामागची चिप जाऊ शकते. मग अर्ध्या तासाचं काम मदरबोर्डच्या दुरुस्तीवर जातं.

सावधान: बॅटरी फुगलेली दिसली तर तिच्यावर दाब देऊ नका, तिला टोकदार काही लावू नका, आणि ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: कनेक्टर, इथे घाई नको

दहातले बहुसंख्य टचपॅड मला इथेच सापडतात, म्हणून हा टप्पा सविस्तर लिहितोय.

टचपॅडच्या केबलला दोन टोकं असतात, एक मदरबोर्डकडचं आणि एक टचपॅडकडचं. पार्ट बदलताना आपण एकच टोक काढलेलं असतं, पण ओढ दुसऱ्यालाही बसते. दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवा. नुसतं बोटाने दाबून 'बसलेली दिसते' म्हणून सोडून देऊ नका.

कनेक्टर मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिल्यात काळी किंवा तपकिरी पातळ पट्टी दारासारखी वर उघडते; नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच उचलली की लॉक सुटतं. हे दार काही कनेक्टरमध्ये केबलच्या बाजूला असतं, तर काहींमध्ये उलट्या बाजूला. दुसऱ्यात पट्टी सरकते: दोन्ही कडांना धरून ती एखादा मिलिमीटर केबलच्या दिशेला बाहेर ओढायची, पूर्ण काढायची नाही. तिसऱ्यात लॉकच नसतं, केबल घट्ट घर्षणाने बसते आणि सरळ ओढून काढावी लागते. चौथा म्हणावा असा एक प्रकार रिबनच्या टोकाला असलेल्या सपाट प्लगचा. तो वरून दाबून बसतो आणि सरळ वर उचलून निघतो. आपल्यासमोर कोणता आहे हे भिंगातून पाहून ठरवल्याशिवाय बोट लावू नका. सरकणारं लॉक वर उचलायला गेलं की तुटतं.

केबल काढल्यावर टोकाकडे उजेडात बघा. सोनेरी रेघा सरळ, समान अंतरावर आणि चकचकीत हव्यात. काळपट डाग, डिंक किंवा बोटांचा तेलकटपणा दिसला तर कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून रेघांच्या दिशेने एकदा-दोनदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आडवं घासलं तर रेघ उचकटते. कनेक्टरच्या तोंडात वाकलेली पिन किंवा केबलचा तुटलेला तुकडा अडकलाय का तेही बघा.

आता बसवायची.

१. लॉक पूर्ण उघडं आहे याची खात्री करा. बंद लॉकमध्ये केबल रेटणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. केबल थोडी आत जातेही, आणि बसली असं वाटतं.

२. बाजू ओळखा. केबलच्या टोकाला एका बाजूला सोनेरी रेघा आणि दुसऱ्या बाजूला निळी किंवा पांढरी जाड पट्टी असते. रेघांची बाजू कनेक्टरच्या पिनांकडे हवी. उघडण्याआधी फोटो काढला असेल तर इथे तो कामी येतो.

३. केबल चिमट्याने जाड पट्टीच्या भागाला धरा आणि बोर्डाला समांतर ठेवून आत सरकवा. ती थांबेल तिथे अजून एकदा अगदी हलका दाब द्या.

४. लॉक लावायच्या आधी थांबा आणि वरून बघा. बऱ्याच केबलवर टोकाजवळ एक आडवी पांढरी रेघ छापलेली असते. ती कनेक्टरच्या ओठाशी शिरोरेषेसारखी सरळ आणि चिकटून दिसली पाहिजे. एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी दिसली तर केबल तिरकी आहे. या केबलमधल्या रेघांचं अंतर बहुतेकदा ०.५ मिमी असतं. म्हणजे एवढीशी तिरकी झाली तरी कडेची रेघ शेजारच्या पिनेवर जाऊन बसते.

५. दोन्ही कडांवर सारखा दाब देऊन लॉक लावा. एक बाजू आधी दाबली तर केबल त्याच क्षणी फिरते.

तपासणी: जाड पट्टीला चिमट्याने धरून अगदी हलकं ओढा. केबल जराही सरकली तर लॉक लागलेलं नाही. पुन्हा उघडा आणि पहिल्यापासून करा.

लॉकची पट्टी तुटली असेल तर तात्पुरता एक उपाय आहे: केबलच्या जाड पट्टीवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी पातळ पिवळसर टेप) एखादा थर वाढवून ती कनेक्टरमध्ये घट्ट बसवणं. यावर लॅपटॉप काही दिवस चालतो. कनेक्टर बदलून घेणं हाच पक्का इलाज. कनेक्टरच बोर्डावरून उचकटला असेल तर तिथे हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) आणि सराईत हात लागतो. साध्या सोल्डरिंग आयर्नने प्रयत्न करू नका, आजूबाजूचे भाग जातील.

## टप्पा ५: केबल आणि नव्या पार्टचा नंबर

केबल नीट बसवूनही टचपॅड मेलेलाच असेल तर केबलवर संशय घ्या. बॅटरीखाली चेपलेली किंवा एकदा चांगली घडी पडलेली केबल बाहेरून धड दिसते, आतली रेघ मात्र तुटलेली असते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी अखंड असेल तर 'बीप' वाजवणाऱ्या सेटिंगवर) लावा, दोन्ही टोकं सोडवा आणि प्रत्येक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजते का बघा. शेजारच्या दोन रेघा एकमेकींशी वाजत असतील तर त्याही तपासा. केबलवर काही वेळा दोन रेघा मुद्दाम जोडलेल्या असतात, पण चेपलेल्या जागी शॉर्ट झालेलाही असू शकतो.

नवी केबल घेताना लांबी, रेघांची संख्या आणि अंतर जुळवता जुळवता एक गोष्ट हमखास राहते: दोन्ही टोकांच्या सोनेरी रेघा एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना. जुनी केबल टेबलावर सपाट ठेवून ताडून बघा. चुकीच्या प्रकारची केबल कनेक्टरमध्ये व्यवस्थित बसते, पण पिनांचा क्रम उलटा होतो. वीजपुरवठ्याची पिन नको तिथे गेली तर टचपॅड जळतो.

पामरेस्ट किंवा टचपॅड नवा असेल तर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर जुन्याशी ताडून बघा. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये सिनॅप्टिक्स, एलान, अल्प्स अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे टचपॅड लावलेले असू शकतात. दिसायला सारखे, कनेक्टर सारखा, पण एकाचं उत्तर दुसऱ्यासाठी केलेल्या बायोसला कळतंच असं नाही. जुना पार्ट टाकून दिला नसेल तर जुना टचपॅड नव्या पामरेस्टमध्ये लावून बघा. तो चालला तर नवा पार्ट परत करायला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

## टप्पा ६: दाब, अर्थिंग आणि झाकणाचा सेन्सर

केबल ठीक आहे, पण क्लिक होत नाही, क्लिक दाबलेलंच राहतं किंवा कर्सर उड्या मारतो, अशी लक्षणं असतील तर इथे या.

दाब. नवी बॅटरी मूळ बॅटरीपेक्षा थोडी जाड असली, तिच्याखाली जास्तीची चिकटपट्टी राहिली किंवा केबल घडी होऊन टचपॅडखाली गेली, तर टचपॅड खालून उचलला जातो. पामरेस्टच्या कडेशी डोळा नेऊन बघा. टचपॅड एका बाजूने वर आलाय का ते लगेच दिसतं. तोच परिणाम लांब स्क्रूमुळे होतो. टचपॅडजवळच्या भोकात चुकून लांब स्क्रू गेला तर त्याचं टोक टचपॅडच्या पाठीत रुततं आणि कधी काच तडकवतं. मागचं झाकण नुसतं टेकवून ठेवल्यावर टचपॅड चालतो आणि स्क्रू आवळल्यावर बंद पडतो, असं होत असेल तर उत्तर सापडलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. २०१५ पासूनच्या मॅकबुकमध्ये येऊ लागलेला फोर्स टच ट्रॅकपॅड आणि काही नव्या विंडोज लॅपटॉपमधले टचपॅड खाली दबतच नाहीत. 'टक' असा जो क्लिक जाणवतो तो आतल्या कंपनाचा असतो. लॅपटॉप बंद असताना त्यांना दाबून क्लिक येत नाही, यात दोष काहीच नाही. लॅपटॉप चालू असतानाही क्लिक जाणवत नसेल तर मात्र केबलच बघा.

अर्थिंग. टचपॅडच्या पाठीवरून पामरेस्टच्या धातूपर्यंत गेलेली अल्युमिनियमची किंवा काळी जाळीदार पट्टी दिसली असेल, ती शोभेची नाही. बॅटरी काढताना ती फाटली किंवा पुन्हा चिकटवायची राहिली, तर चार्जर लावल्यावर कर्सर थरथरतो किंवा भलतीकडे पळतो. पट्टी जागेवर चिकटवा. फाटली असेल तर वीज वाहून नेणारी तांब्याची किंवा अल्युमिनियमची टेप वापरा, आणि ती कोणत्याही उघड्या पिनेला टेकत नाही हे बघा. टचपॅडच्या चौकटीतला एखादा स्क्रू लावायचा राहिला तरी हेच होऊ शकतं.

झाकणाचा सेन्सर. स्क्रीन बदलल्यावर टचपॅड गेला, किंवा टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही गेले, तर हे आधी तपासा. स्क्रीनच्या चौकटीत एक लहान लोहचुंबक असतो आणि खालच्या भागात त्याला ओळखणारा हॉल सेन्सर. चुंबक जवळ आला की लॅपटॉपला वाटतं, झाकण बंद झालं. स्क्रीन पूर्ण मागे दुमडता येणाऱ्या लॅपटॉपमध्ये सेन्सर जास्त असतात, आणि टॅबलेटसारखा वापर चालू आहे असं वाटलं की लॅपटॉप टचपॅड आणि कीबोर्ड दोन्ही मुद्दाम बंद करतो. जुन्या चौकटीतला चुंबक नव्या चौकटीत काढून लावायचा राहिलाय का, तो निसटून भलत्या कोपऱ्यात चिकटलाय का, सेन्सरची छोटी केबल जोडायची राहिली का, हे बघा. आणि लॅपटॉप स्क्रू ठेवायच्या चुंबकाच्या चटईवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवून चाचणी करू नका. तो चुंबकही सेन्सरला फसवतो.

## टप्पा ७: झाकण न लावता चाचणी

बॅटरी जोडा, ती नेहमी सगळ्यात शेवटी. झाकण स्क्रूशिवाय नुसतं टेकवा, लॅपटॉप सरळ करून सुरू करा. आत एकही सुटा स्क्रू राहिलेला नाही हे आधी मोजून घ्या.

मग बोट चारही कोपऱ्यांत न्या. दोन बोटांनी वरखाली सरकवा. डावं आणि उजवं क्लिक टचपॅडच्या खालच्या कडेला आणि मधोमधही दाबून बघा. हे सगळं एकदा बॅटरीवर आणि एकदा चार्जर लावून. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून जागा करा आणि पुन्हा बघा, कारण अर्धवट बसलेली केबल सुरुवातीला चालते आणि जागं होताना दगा देते. हे करताना केबल हलवून बघायचा मोह होईल. लॅपटॉप चालू असताना आत हात घालू नका.

## टप्पा ८: आता ड्रायव्हर

इथपर्यंत आलात आणि जोडण्या नक्की ठीक आहेत, किंवा विंडोज नव्याने टाकलंय, तर ड्रायव्हरचा क्रम असा ठेवा.

१. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेल नंबरचे ड्रायव्हर उतरवा. फुकट ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर वापरू नका.

२. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर टाका.

३. मग आय-टू-सी कंट्रोलरचा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये तो 'सीरियल आयओ' या नावाने मिळतो. टचपॅड या रस्त्यावरून बोलतो. रस्ताच नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीदाही टाका, उपयोग होत नाही. नव्याने विंडोज टाकणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते: टचपॅडचा ड्रायव्हर टाकतात आणि कंट्रोलरचा विसरतात.

४. रीस्टार्ट करा आणि मगच टचपॅडचा ड्रायव्हर टाका. रीस्टार्टनंतर टचपॅड आपोआप चालू लागला तर वेगळा ड्रायव्हर लागेलच असं नाही.

५. तरीही पिवळा त्रिकोण असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवं क्लिक करून ते अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. जवळ यूएसबी माउस ठेवाच.

बायोस अपडेट सगळ्यात शेवटी, मदरबोर्ड किंवा टचपॅड बदलला असेल तरच, आणि बॅटरी चार्ज करून चार्जर लावलेला असताना. वीज मध्येच गेली तर टचपॅडसकट अख्खा लॅपटॉप जाईल.

## टप्पा ९: बंद करताना

लॅपटॉप पुन्हा पूर्ण बंद करा. स्क्रू कागदावरच्या मांडणीनुसार त्यांच्या त्यांच्या जागी लावा, आधी सगळे सैल, मग समोरासमोरचे आवळत जा. टचपॅडच्या आसपासचे स्क्रू शेवटी ठेवा आणि ते आवळून झाले की चाचणी पुन्हा करा. आता बंद पडला तर शेवटी आवळलेला स्क्रू पाव फेरा सैल करा. टचपॅड परत चालू झाला तर तो स्क्रू काढून त्याची लांबी शेजारच्या भोकातल्या स्क्रूशी ताडून बघा. बहुधा त्या दोघांची जागा बदललेली असते.